नामिबिया: धुके पिणारे वाळवंट

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले आणि आपल्यापैकी अनेकांनी या देशाचे नाव तेव्हाच प्रथम ऐकले. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस असलेला, २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झालेला हा देश महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा असला, तरी त्याची लोकसंख्या जेमतेम तीस लाख आहे. त्याच्या अटलांटिक किनाऱ्यालगत नामिब वाळवंट पसरले आहे. मात्र वाळवंट म्हणजे अंगाची लाही करणारे ऊन, अशा समजुतीने कोणी स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरील गावी गेला, तर त्याला पहिल्याच सकाळी स्वेटर शोधावा लागेल. तेथे वर्षाकाठी पाऊस वीस मिलिमीटरही पडत नाही, पण धुके मात्र वर्षातले शंभराहून अधिक दिवस असते.

समुद्र उशाशी असताना वाळवंट कसे, हा प्रश्न कोकण पाहिलेल्या माणसाला पडणारच. उत्तर समुद्राच्या तापमानात आहे. नामिबियाच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वारे वाहतात. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात गतिमान वस्तू डावीकडे वळतात, त्यामुळे वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागावरील पाणी पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड पाणी वर येते. बेंग्वेला नावाचा हा थंड प्रवाह आपल्यावरील हवेला गारठवतो. त्याच वेळी बऱ्याच उंचीवरून खाली उतरणारी हवा दाबली गेल्याने तापलेली असते. म्हणजे खाली थंड, जड हवा आणि वर उबदार, हलकी हवा. हिवाळ्यातील सकाळी चुलीचा धूर गावावर आडवा पसरून राहतो, त्याचे कारण हेच असते. पाऊस पडायचा तर बाष्पयुक्त हवेने उंच चढून थंड व्हावे लागते; येथे उबदार हवेचे झाकण तिला चढूच देत नाही. परंतु झाकणाखाली अडकलेले बाष्प थंडाव्याने गोठून सूक्ष्म थेंब होते आणि काही शे मीटर उंचीवर ढगांचा पातळ थर तयार होतो. वारा हा थर आत नेतो. जमीन आतल्या बाजूस हळूहळू चढत गेलेली असल्यामुळे एका ठिकाणी ढग जमिनीला टेकतो, आणि तेथे उभ्या असलेल्या माणसाला तो धुके म्हणून दिसतो. पाऊस अडवणारा आणि वाळूला ओलावा देणारा समुद्र असा एकच आहे.

‘गोठणे’ हा शब्द मी वर सैलपणे वापरला. बर्फ होत नाही, बाष्पाचे द्रवात रूपांतर होते, म्हणजे संघनन होते.

खलाशांना हे धुके महागात पडले. १९०९ साली दाट धुक्यात रुतलेले ‘एदुआर्द बोलेन’ हे जहाज आज पाण्यापासून काही शे मीटर आत, चक्क वाळूत उभे आहे, कारण दरम्यान किनाराच पुढे सरकला. झपाटलेल्या जहाजांच्या कथा सांगणाऱ्यांना वाळू सरकते ही साधी गोष्ट पुरेशी वाटत नाही.

धुक्याचा खरा लाभ घेतो तो ओनिमाक्रिस उंगुइक्युलारिस हा काळा भुंगेरा. धुक्याच्या सकाळी तो टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली घालतो आणि पाठीवर जमणारे थेंब घरंगळत तोंडाशी आले की पितो. हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी १९७६ साली हे वर्तन प्रसिद्ध केले. काही भुंगेऱ्यांचे वजन अशा एका सकाळी तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. २००१ साली दुसऱ्या एका संशोधनाने नामिबमधल्याच एका खडबडीत भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या उंचवट्यांत पाणी पकडण्याची युक्ती असल्याचे मांडले आणि मग ‘हवेतून पाणी काढणाऱ्या बाटल्यां’च्या घोषणांना ऊत आला. २०१० साली नॉर्गार्ड आणि डाके यांनी वेगवेगळ्या जातींची तुलना केली, तेव्हा गुळगुळीत आणि खडबडीत पाठींच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि खाली डोके करून उभे राहणारी जात एकच निघाली, तीही गुळगुळीत पाठीची. बाटल्यांच्या जाहिरातींनी या निष्कर्षाची फारशी दखल घेतली नाही.

हे दृश्य पाहण्याची इच्छा असेल, तर सूर्योदयापूर्वी टेकडीवर पोहोचायला हवे. ऊन चढू लागले की धुके विरते.