दाढेतील दोन मिलिमीटरचा स्क्रू

दाताचे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचे कृत्रिम मूळ, बसवून घेणाऱ्याला बहुधा एकच धास्ती असते, ती म्हणजे हाडाने ते धरलेच नाही तर काय करायचे. ही धास्ती अगदीच निराधार नाही. तरीही १९६५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसवली, तेव्हापासून हाड आणि टायटॅनियम यांचे एकजीव होणे हा या उपचारातील बऱ्यापैकी भरवशाचा भाग ठरला आहे. पुढे वर्षानुवर्षे कुरकुर करतो तो हाडाच्या वरचा भाग, म्हणजे कॅप पेलणाऱ्या अबटमेंटला इम्प्लांटशी जोडणारा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू.

हा स्क्रू आवळला की तो किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा मूळ लांबीवर येऊ पाहताना दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. या दाबाला प्रीलोड म्हणतात आणि जोड टिकतो तो त्याच्याच जोरावर. डॉक्टर टॉर्क रेंचने साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतका पीळ देतात, पण त्यातील सुमारे नऊ दशांश भाग आट्यांच्या आणि स्क्रूच्या माथ्याखालच्या घर्षणातच खर्ची पडतो. शिवाय आवळल्यावर धातूच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे चेपले जातात आणि मिळालेला ताणही थोडा सैल पडतो. दहा मिनिटांनी तोच स्क्रू पुन्हा आवळला जातो, तो यासाठी. खुर्चीवरील रुग्णाला मात्र डॉक्टर काहीतरी विसरले होते असे वाटते.

नैसर्गिक दाताभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतुमय अस्तर असते. ते धक्का झेलते आणि जास्त जोर पडतो आहे हे आपल्याला जाणवूनही देते. इम्प्लांटला अशी गादी नसल्यामुळे सुपारी फोडताना किंवा झोपेत दात खाताना येणारा तिरका जोर सरळ जोडावर पोहोचतो. तो जोर प्रीलोडपेक्षा वरचढ ठरला की दोन भागांमध्ये क्षणभर फट पडते, आणि असे वारंवार घडत गेले की आटे हळूहळू उलटे सरकू लागतात.

सुरुवातीच्या इम्प्लांटच्या माथ्यावर अवघ्या ०.७ मिलिमीटर उंचीचा षट्कोन असे. गंमत अशी, की तो मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवताना अवजाराला पकड मिळावी म्हणून होता. पुढे सुटा दात बसवण्याची पद्धत रुळली आणि अबटमेंट गोल फिरू न देण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडले. एवढ्याशा उंचीला तिरका जोर फारसा अडवता येत नाही, त्यामुळे सारा भार स्क्रूवर येई. नंतर षट्कोन इम्प्लांटच्या आत, खोलवर गेला. शंकूच्या आकाराच्या जोडात तर लेथवर ड्रिल जसे निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसते, तसे अबटमेंट भिंतींनाच चिकटून बसते आणि तिरका जोर त्या भिंती घेतात. तोंडातील जंतूंना शिरायला राहणारी फटही अशा जोडात सहसा कमी असते.

हा फायदा फुकट मिळत नाही. जोड आत नेण्यासाठी इम्प्लांट पोखरावे लागते, म्हणून कमी व्यासाच्या इम्प्लांटची भिंत फारच पातळ उरते. माझ्या मते जोडांची तुलना करताना विचारायचा खरा प्रश्न हा, की तुटायचेच झाले तर काय तुटेल? स्क्रू तुटला तर नवा घालता येतो, पण भिंतीला चीर गेली तर हाडात रुजलेले अख्खे इम्प्लांट काढावे लागते.

आयएसओ १४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होणारी इम्प्लांटची चाचणीही जाणूनबुजून वाईट परिस्थिती गृहीत धरते. इम्प्लांटभोवतीचे ३ मिलिमीटर हाड झिजले आहे असे मानून ते तेवढे उघडे ठेवतात आणि ३० अंशांच्या तिरकस कोनातून त्यावर पुन्हा पुन्हा भार टाकतात. कोरड्या चाचणीत अशी ५० लाख आवर्तने सोसावी लागतात. सेकंदाला १५ या वेगानेही त्यासाठी जवळपास चार दिवस यंत्र अखंड चालू ठेवावे लागते.

कॅप किंचित हलू लागली तर रुग्णाला इम्प्लांटच सुटले असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त स्क्रू सैल झालेला असतो, आणि तो लगेच आवळून घेतला तर प्रकरण तिथेच मिटते. तसेच चालवून घेतले तर प्रत्येक घासाला स्क्रू वाकत राहतो आणि शेवटी धातू थकून तुटतो. मात्र तुटताक्षणी त्यातील ताणही नाहीसा होतो, त्यामुळे आत अडकलेला तुकडा पुष्कळदा सैलच असतो आणि टोकदार अवजाराने हलकेच उलटा फिरवत बाहेर काढता येतो.