बदल कोणी केला? सामायिक डेटाबेसमधल्या नावामागची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर 1992 साली आलं. त्याच्या जुन्या फाइल-प्रकारात प्रत्येक वापरकर्त्याला वेगळं खातं देता येई. खाती वेगळ्या वर्कग्रुप फाइलमध्ये राहत आणि 'करंटयूजर' हे फंक्शन लॉगिन केलेल्याचं नाव देई. मेख अशी, की ही सुरक्षा मुद्दाम चालू केली नसेल तर प्रत्येक जण कोऱ्या पासवर्डने, न विचारता, 'अ‍ॅडमिन' म्हणूनच आत येई. मग 'बदल करणारा' या रकान्यात वरपासून खालपर्यंत अ‍ॅडमिन. फाइल उघडी असताना शेजारी तयार होणाऱ्या लॉक फाइलमध्ये दर माणशी 64 बाइट असतात: 32 संगणकाच्या नावाला, 32 खात्याच्या. तिथेही दुसऱ्या भागात अ‍ॅडमिनच. शिवाय माणूस बाहेर पडला तरी त्याची नोंद लगेच पुसली जातेच असं नाही, त्यामुळे पुरावा म्हणून ती फाइल कुचकामी.

2007 च्या नव्या फाइल-प्रकारातून ही खातीच काढून टाकली गेली. उरलं विंडोजचं लॉगिन. बहुतेकांनी 'एन्व्हायरन' हे फंक्शन वापरून यूजरनेम वाचायला सुरुवात केली, कारण ते एका ओळीत होतं. पण ते निव्वळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला मिळणारी, बदलता येणारी किंमत: कमांड प्रॉम्प्टवर ते बदलून तिथूनच अ‍ॅक्सेस चालू केलं की नोंद दुसऱ्याच्या नावावर. विंडोजच्या 'गेटयूजरनेम' या एपीआयला (थेट विंडोजला नाव विचारणाऱ्या फंक्शनला) असं फसवता येत नाही. दुसरं भगदाड फॉर्मचं, म्हणजे माहिती भरायच्या पडद्याचं. नाव आणि वेळ फॉर्मच्या 'बिफोर अपडेट'मध्ये, म्हणजे बदल जतन होण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिली जाई. कुणी थेट टेबल उघडून आकडा बदलला की कसलीच नोंद नाही. टेबलालाच चिकटलेले, म्हणून थेट बदलही टिपू शकणारे डेटा मॅक्रो 2010 मध्ये आले.

डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसवर हलवून प्रत्येकाला विंडोज लॉगिननेच जोडलं, तर ट्रिगरला (बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या कोडला) खरं नाव आपोआप कळतं. (रकान्याला नुसती डीफॉल्ट किंमत देऊन भागत नाही; ती नवी ओळ घालताना लागते, बदलताना नाही.) वेब अ‍ॅप्लिकेशन आली आणि हेही गेलं. शेकडो माणसं, पण डेटाबेसकडे एकच खातं आणि मूठभर सामायिक कनेक्शन. माणूस फक्त अ‍ॅप्लिकेशनला ठाऊक.

म्हणून नाव कनेक्शनवर चिकटवून पाठवायच्या सोयी आल्या. ऑरॅकलने आपल्या डेटाबेसच्या 9आय आवृत्तीत 'क्लायंट आयडेंटिफायर' दिला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधी 128 बाइटचं 'कॉन्टेक्स्ट इन्फो' होतं. 2016 मध्ये 'सेशन कॉन्टेक्स्ट' आलं, आणि त्यातली किंमत एकदा भरली की त्या सेशनपुरती, म्हणजे ती जोडणी चालू असेपर्यंत, गोठवताही येते. बदल टिपण्याच्या तयार सोयींनी मात्र हा प्रश्न सोडवला नाही: 2008 चं चेंज डेटा कॅप्चर असो वा 2016 ची टेम्पोरल टेबलं, काय बदललं ते मिळतं, कोणी ते नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चुका जास्त बारीक आहेत. साध्या 'सेट' आदेशाने ठेवलेलं नाव, कनेक्शन पूलमध्ये (सामायिक कनेक्शनच्या साठ्यात) परतल्यावरही तसंच राहू शकतं, आणि पुढच्या माणसाचे बदल आधीच्याच्या नावावर चढतात. कनेक्शन वाटून देणारं पीजीबाउन्सर हे सॉफ्टवेअर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (दर ट्रान्झॅक्शननंतर, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या बदलांच्या गटानंतर, कनेक्शन दुसऱ्याला देणाऱ्या) असेल तर हे हमखास. उपाय: प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला 'सेट_कॉन्फिग'ला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू देऊन नाव ठेवायचं, ते त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच टिकतं. त्यातही एक खोड आहे. कधीच न ठेवलेलं नाव 'करंट_सेटिंग'ने 'नसल्यास चालेल' म्हणून मागितलं तर नल (किंमतच नाही) मिळतो, पण त्याच कनेक्शनवर आधी एकदा ठेवून झालं असेल तर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. ट्रिगरमध्ये फक्त नल तपासला तर बिननावाच्या नोंदी बिनबोभाट आत जातात. आधी 'नलइफ' लावून रिकामी स्ट्रिंगही नल करायची.

भारतात कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद 1 एप्रिल 2023 पासून सक्तीची आहे. अशा ठिकाणी अ‍ॅप्लिकेशनने दिलेलं नाव आणि डेटाबेसचा 'सेशन_यूजर' (लॉगिन केलेलं खातं) हे दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत. 'करंट_यूजर' नको, 'सिक्युरिटी डिफायनर' (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फंक्शनच्या आत तो फंक्शनच्या मालकाचं नाव सांगतो. कुणी अ‍ॅप्लिकेशन टाळून स्वतःच्या खात्याने थेट डेटाबेसमध्ये शिरला, तर पहिला रकाना रिकामा आणि दुसऱ्यात ते खातं दिसतं.