केएफसीची कोंबडी : मसाल्याआधी कुकर

केएफसी म्हटलं की ११ मसाल्यांचं गुपित आठवतं. जाहिरातीला ते छान आहे, पण धंदा उभा राहिला तो कुकरवर.

हार्लंड सँडर्स १९३०पासून अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, कॉर्बिन गावी पेट्रोल पंप चालवत आणि वाटसरूंना जेवूही घालत. बिडाच्या तव्यात कोंबडी तळायला अर्धा तास लागे. तेवढं थांबायला प्रवासी तयार नसत, आणि आधी तळून ठेवली तर उरलेली वाया जाई. १९३९ साली त्यांनी प्रेशर कुकरमध्ये तेल घालून कोंबडी तळली. कोंबडीतल्याच पाण्याची वाफ आत कोंडली की दाब वाढतो, पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. पाणी कमी उडतं, म्हणून मांस रसदार राहतं आणि हाडापर्यंत लवकर शिजतं.

घरच्या कुकरमध्ये हे मुळीच करू नये. त्याची रिंग आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या वाफेसाठी असतात. तापलेल्या तेलात रिंग सैल पडते, आणि दाब उतरण्याआधी झाकण निघालं तर तेल अंगावर उसळतं. दुसरी कटकट पिठाच्या चुऱ्याची. तो तळाशी जळतो, तेल काळं पडतं, पुढचा घाणा कडवट लागतो. १९६०च्या दशकात विन्स्टन शेल्टन यांच्या फ्रायरने यावर तोड काढली : तापणाऱ्या भागाखाली तेलाचा थंड कप्पा ठेवला, चुरा तिथे जाऊन बसतो.

पहिली फ्रँचायझी १९५२ची, युटामधल्या पीट हार्मन यांची. नव्या महामार्गाने कॉर्बिनचं गिऱ्हाईक वळवलं, तेव्हा सँडर्स यांनी १९५६मध्ये हॉटेल विकलं आणि कोंबडीमागे काही सेंट घेऊन कृती देत गावोगाव फिरले. १९६४मध्ये २० लाख डॉलरला कंपनीही विकली. पुढे मालक बदलत गेले आणि स्वयंपाक स्वस्तात उरकायची घाई सुरू झाली. जाहिरातीत चेहरा सँडर्स यांचाच, पण कंपनीच्या ग्रेव्हीला ते चारचौघांत खळ म्हणत. चवीबद्दलची कुरकूर तेव्हापासूनची आहे, आणि ती खुद्द ‘कर्नल’ची, म्हणजे सँडर्स यांचीच आहे.

भारतात पहिलं दुकान १९९५मध्ये बंगळुरूला, ब्रिगेड रोडवर उघडलं. महापालिकेने अजिनोमोटोच्या प्रमाणावर बोट ठेवलं. जानेवारी १९९६मध्ये कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी दुकानाची मोडतोड केली. त्यांचा राग मात्र चवीवर नव्हता, परदेशी कंपन्यांवर होता.