साल वाचायची तर ऊन तिरकं हवं

ऐनाचं खोड एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चौकटी पडलेलं, थेट मगरीची पाठ! त्याचाच फ्लॅश मारून फोटो काढा, हाती येतो करडा सपाट पत्रा. भेग आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे, आणि समोरून आलेला उजेड नेमकी ती सावलीच पुसतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, ऊन खोडाला चाटून जातं तेव्हा याच भेगांना खोली येते.

या भेगा पडतात तरी का? खोड आतून जाड होत जातं, पण सालीचा बाहेरचा थर असतो मेलेल्या, बुचासारख्या पेशींचा. त्याला वाढता येत नाही. लहानपणीचा सदरा थोरपणी अंगात चढवावा, तसा तो उसवतो. हे बूच बनवणारा जिवंत पेशींचा पातळ थर सालीच्या आत असतो. ऐनासारख्या खडबडीत सालीच्या झाडात जुन्या थराच्या आत नवे थर तयार होत राहतात आणि बाहेरचे मेलेले तुकडे न गळता साचत जातात. वणव्याची धग आतल्या जिवंत भागापर्यंत पोचू न देण्याचं काम हीच जाड साल करते.

कांडोळाची तऱ्हा उलटी. ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण उभं असलेलं पांढुरकं झाड, म्हणून काही ठिकाणी त्याला भुत्या म्हणतात. त्याची साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. पापुद्र्याखाली हिरवट रंग दिसतो, तो हरितद्रव्याचा. पानं नसतानाही खोड थोडंफार प्रकाशसंश्लेषण करू शकतं. मला विचाराल तर फोटोसाठी याच्यासारखं झाड नाही. फक्त पांढऱ्या खोडाने कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित वाढवावं. पापुद्रे उन्हाकडे पाठ करून असतील तर आणखी मजा: उजेड त्यांतून आरपार येतो.

एक अडचण दोन्हीकडे सारखीच. खोड गोल, त्यामुळे मधला भाग स्पष्ट येतो आणि कडा धूसर. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, लहान करून एफ-८ ते एफ-११ ठेवावं. मोबाइल असेल तर दोन पावलं मागे सरून झूम करावं.

फोटो काढताना सालीजवळ एखादं नाणं धरलं तर मापही कळतं. पुढच्या वर्षी त्याच जागी जा. ऐनाच्या चौकटी बहुतेक ओळखू येतील. कांडोळाचे ते पापुद्रे मात्र केव्हाच गळून गेलेले असतील.