हौशी द्विपंखी विमाने

एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये उभे खांब आणि तिरप्या ताणून बसवलेल्या तारा अशी रचना असलेले विमान म्हणजे द्विपंखी विमान. लढाई आणि प्रवासी वाहतूक या दोन्हींतून अशी विमाने दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाद झाली. तरीही इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत ती आजही उडतात, आणि ती उडतात ती त्यांच्या मालकांमुळे. काही मालकांकडे कारखान्यात तयार झालेली जुनी विमाने आहेत: टायगर मॉथ, स्टिअरमन, वाको, जर्मनीचे ब्यूकर युंगमन. काहींनी बांधणीचे नकाशे विकत आणून, घराशेजारच्या गॅरेजात वर्षानुवर्षे खपून आपले विमान स्वतः बांधलेले असते. यातले बहुतेक काम लाकूड, कापड, तारा आणि पोलादी नळ्यांचे असते. ते माणसाच्या हाताला जमते आणि दुरुस्तही हातानेच करता येते. ही विमाने टिकून राहिली याचे खरे कारण हे आहे.

दोन पंख कशासाठी : सुरुवातीच्या विमानांचा पंख पातळ असे. तो एकटा लांब काढला तर वाकून मोडण्याची भीती. ऑक्टेव्ह शान्यूट हा अमेरिकेतला रेल्वेच्या पुलांचा अभियंता. १८९६ साली मिशिगन सरोवराच्या काठी त्याने आपली ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेली विमाने, उडवून पाहिली, त्यांतल्या एकात पुलाच्या सांगाड्याची युक्ती होती. दोन पंख या वरच्या-खालच्या तुळया, मधले खांब दाब सोसणारे आणि तिरप्या तारा ताण सोसणाऱ्या. सगळे मिळून एक हलकी आणि न पिळवटणारी पेटी तयार होते. राइट बंधूंनी हीच रचना उचलली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले तेही द्विपंखीच होते. दोन पंखांमुळे कमी रुंदीत जास्त क्षेत्रफळ मिळते, म्हणून विमान सावकाश उडू शकते, थोड्या जागेत वळते आणि छोट्या शेतातही उतरते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. खांब आणि तारा हवेला अडवतात, शिवाय दोन्ही पंख एकमेकांच्या हवेत ढवळाढवळ करतात. धातूचा जाड, आतूनच मजबूत असा एकच पंख बनवता येऊ लागल्यावर वेगाच्या शर्यतीत द्विपंखी विमानाला जागा उरली नाही.

मॉथ : हौशी उड्डाणाची खरी सुरुवात जेफ्री डी हॅविलंड यांच्या डीएच ६० मॉथपासून होते. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी ते पहिल्यांदा उडाले. दोन आसने, घडी घालून मागे वळवता येणारे पंख आणि फ्लाइंग क्लबला परवडेल अशी किंमत, असे हे विमान होते. डी हॅविलंड यांना पतंग-फुलपाखरे जमवण्याचा नाद होता, म्हणून विमानांना पतंगांची नावे मिळाली (मॉथ म्हणजे पतंग हा किडा). जिप्सी इंजिन बसल्यावर ते जिप्सी मॉथ झाले आणि १९३० च्या मे महिन्यात एमी जॉन्सन तेच घेऊन एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पोहोचली.

टायगर मॉथ हे त्याचेच पुढचे रूप. पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१. लष्करी शिकवणीसाठी हवे म्हणून एक अडचण सोडवावी लागली: पुढच्या आसनावरचा माणूस वरच्या पंखाखाली अडकलेला असे, पॅराशूट घेऊन त्याला बाहेर पडता येईना. तेव्हा वरचा पंख पुढे सरकवला आणि त्याने बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंखांची टोके मागे झुकवली. टायगर मॉथ लांबून ओळखू येते ते या मागे झुकलेल्या पंखांवरून. पंखविस्तार जवळपास नऊ मीटर, रिकाम्या विमानाचे वजन पाचशे किलोच्या आसपास, १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन, आणि सर्वाधिक वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर. इंजिनाचे चारही सिलिंडर उलटे, खाली लोंबते बसवलेले असतात, म्हणजे नाकावरचा पंखा (प्रोपेलर) उंच राहतो आणि वैमानिकाला समोरचे थोडे जास्त दिसते. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध असते, त्यामुळे पेट्रोल पंपाशिवाय, आपल्याच वजनाने खाली उतरते. अशी आठ हजारांहून जास्त विमाने तयार झाली आणि युद्धकाळात ब्रिटिश साम्राज्यातल्या असंख्य वैमानिकांनी त्यांवरच पहिले धडे गिरवले. त्या काळात शिक्षक आणि शिष्य एका रबरी नळीतून एकमेकांशी बोलत, कानाशी एक टोक, तोंडाशी दुसरे.

जुहूचे नाते : मुंबईत जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब ही दोन्ही १९२८ सालची. जे. आर. डी. टाटा इथेच मॉथवर शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला परवाना भारतात दिलेला पहिला होता, क्रमांक १. त्याच वर्षी आगा खान यांनी भारत-इंग्लंड अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावले. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबूकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. अस्पी कराचीला आधी पोहोचले आणि बक्षीस जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. हा प्रसंग सहसा खिलाडूपणाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण त्यातून त्या काळच्या वैमानिकाचे रोजचे जगणेही दिसते: आपले इंजिन आपण उघडायचे, आपले प्लग आपण बदलायचे, आणि जादा सामान जवळ बाळगायचे. आजचा द्विपंखी विमानाचा मालक याच शिस्तीत वाढलेला असतो. (१९३२ मध्ये जेआरडींनी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पस मॉथ मात्र नावात मॉथ असूनही एकपंखी होते.)

जमिनीवर : मूळच्या टायगर मॉथला स्टार्टर नाही, ब्रेक नाहीत आणि शेपटाला चाकाऐवजी घसरती पट्टी आहे. सुरू करायला दोन माणसे लागतात. एक आत बसतो. दुसरा इंजिनाचे झाकण उघडून कार्ब्युरेटरची कळ दाबून धरतो, पेट्रोल ठिबकू लागेपर्यंत. मग झाकण लावतो, पंख्यासमोर येतो आणि स्विच बंद आहेत ना, हे मोठ्याने विचारून घेतो. आतून उत्तर आल्यावरच तो पंख्याला हात लावतो. पंखा हाताने चार पाती फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घेतले जाते. पुढची हाक ‘कॉन्टॅक्ट’. आतला माणूस तोच शब्द परत उच्चारून स्विच टाकतो. बाहेरचा बोटे पात्याच्या कडेला न अडकवता, नुसत्या तळव्याने पाते खाली ओढतो आणि त्याच झोक्यात मागे सरकतो. मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचा, ‘टक’ असा आवाज येतो आणि इंजिन धरते. सैल मफलर, लोंबती पट्टी किंवा ओले गवत यांपैकी कशाकडेही दुर्लक्ष चालत नाही. हे सगळे शब्द ठरलेले आहेत आणि जुने मालक ते बदलू देत नाहीत, ते बरोबरच आहे.

जमिनीवर चालवताना नाक वर आणि शेपूट खाली असते, समोरचे काहीच दिसत नाही. म्हणून नागमोडी जायचे, एकदा डावीकडून बघायचे, एकदा उजवीकडून. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने शेपूट एकदा का बाजूला गेले की ते पुढे यायला बघते आणि विमान जागच्या जागी गरकन फिरते. त्यात पंखाचे टोक जमिनीला घासते, कधी चाकांचा सांगाडा मोडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. अशा विमानाचा वैमानिक उतरल्यावरही सुकाणूवरचे पाय ढिले सोडत नाही. विमान पूर्ण थांबले की मगच उड्डाण संपले. वारा जोराचा असेल तर दोन सोबती पंखांची टोके धरून चालतात.

कापड आणि तारा : पंखाचा सांगाडा बहुधा स्प्रूस लाकडाचा, वर कापड. पूर्वी आयरिश लिनन किंवा सुती कापड असे आणि ते डोप नावाच्या उग्र वासाच्या, चटकन पेट घेणाऱ्या लेपाने ताणले जाई. आता बहुतेक जण पॉलिएस्टरचे कापड वापरतात. ते कडांना चिकटवून घेतात आणि चक्क इस्त्री फिरवतात. इस्त्रीचे तापमान मात्र आधी मोजून नेमके ठरवलेले असते. कापड आक्रसते आणि सुरकुत्या जाऊन पंख ढोलकीच्या पुडीसारखा वाजू लागतो.

यापुढचे काम टाक्यांचे. उडताना वरच्या बाजूचे कापड हवेने वर खेचले जाते, नुसत्या गोंदावर विसंबता येत नाही. म्हणून हातभर लांबीची सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन प्रत्येक फासळीला कापड शिवून टाकतात. पंख उभा करून एक जण या बाजूला बसतो, एक त्या बाजूला. सुई आरपार जाते, पलीकडचा ती फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवतो, गाठ बसते, मग काही बोटे खाली पुढचा टाका. दोन घरांतल्या बायका समोरासमोर बसून गोधडी घालतात, तसेच हे काम आहे. गप्पा चालू असतात आणि दोऱ्याचा ताण मात्र सगळीकडे सारखा राहतो. दोन टाक्यांमधले अंतर विमानाच्या वेगावर ठरते, विमान जितके वेगवान तितके टाके जवळ. टाक्यांवर पट्ट्या चिकटवतात, मग लेपाचे हात. त्यातला एक ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी हात उन्हापासून कापड वाचवतो. तो कंजुषीने दिला तर काही वर्षांत कापड जीर्ण होते, वरचा रंग कितीही झळझळीत असला तरी.

शेवटी तारा. त्यांचा ताण आणि पंखांचे कोन मोजून, थोडे कसून, थोडे सैल करून जुळवतात. उडवून पाहिल्यावर विमान एका बाजूला झुकत असेल तर परत येऊन पुन्हा जुळवणी. जुन्या लाकडी सांध्यांतला गोंद ओलीने मरतो. तो खरवडून नव्या गोंदाने सांधे बांधणे, हे जुने विमान दुरुस्त करताना सर्वांत वेळखाऊ आणि बाहेरून अजिबात न दिसणारे काम आहे.

युद्धानंतर : अमेरिकेचे शिकवणीचे विमान स्टिअरमन. १९३४ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि युद्ध संपेपर्यंत साडेआठ हजारांच्या आसपास तयार झाले. नंतर सरकारने ती मातीमोलाने विकली. पुढचे आसन काढून तिथे औषधाची टाकी, मूळच्या दुप्पट ताकदीचे इंजिन, आणि विमान पिकांवर फवारणीला. न्यूझीलंडमध्ये टायगर मॉथने डोंगराळ कुरणांवर खत टाकले. त्या कामात कित्येक विमाने मोडली, पण जी उरली ती पुढे हौशी मालकांनी फवारणीवाल्यांकडूनच मिळवली. ब्रिटनमध्ये १९७५ पासून डी हॅविलंड मॉथ क्लब या घराण्यातली विमाने आणि त्यांचे मालक यांना एकत्र ठेवत आला आहे.

घरी बांधलेली विमाने : १९५३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. तिचा मेळा १९७० पासून दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश इथे भरतो आणि त्या आठवड्यात सुमारे दहा हजार विमाने त्या परिसरात उतरतात. अमेरिकेच्या नियमानुसार विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे लागते. बांधणाऱ्यालाच पुढे आपल्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवाना मिळू शकतो. माझ्या मते या नियमाचा हा भाग सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण प्रत्येक सांधा कसा बसवला हे त्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते.

घरी बांधलेल्या द्विपंखींत पहिले नाव पिट्स स्पेशलचे. कर्टिस पिट्स यांनी १९४४ मध्ये ते उडवले. पंखविस्तार जेमतेम सव्वापाच मीटर, म्हणजे टायगर मॉथच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. बेटी स्केल्टन हिने याच जातीच्या ‘लिटल स्टिंकर’वर हवाई कसरतींची अजिंक्यपदे मिळवली; ते विमान आज वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात उलटे टांगलेले आहे. १९६० च्या दशकात पिट्सचे नकाशे विक्रीस आले आणि १९७२ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकी संघ पिट्स उडवून जिंकला. गॅरेजात बांधता येणारे विमान जगज्जेते ठरले. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचे शिक्षक लामार स्टीन यांचे स्कायबोल्ट तर शाळेच्या कार्यशाळेत, विद्यार्थ्यांच्या हातांनी तयार झाले आणि १९७० मध्ये उडाले.

भारतात : १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती वापिटी या द्विपंखी विमानांवर. टायगर मॉथवर हवाई दलाच्या पिढ्या शिकल्या, पुढे त्यांची जागा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या एचटी-२ ने घेतली. दलाने आपले एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतले आणि २०१२ पासून ते पुन्हा संचलनांत उडू लागले. घरी विमान बांधण्याची परंपरा मात्र इथे रुजली नाही. त्यामुळेच कॅप्टन अमोल यादव यांचे काम लक्षात राहते. त्यांचे सहा आसनी विमान द्विपंखी नाही, पण ते कांदिवलीतल्या चारकोपच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले आहे. सुटे करून खाली उतरवलेले हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली.