फिजेट खेळणी

फिजेट खेळणी : बसल्या जागी हाताला चाळा पुरवणारी छोटी साधने. मुठीत दाबायचा मऊ चेंडू, बोटांवर गरगरणारा स्पिनर, बटणे आणि खटके असलेला फिजेट क्यूब, सिलिकॉनचे बुडबुडे दाबण्याचा पॉप-इट हे त्यांतले परिचित प्रकार. काम लांबलेले वा कंटाळवाणे असताना हात गुंतलेले राहिले तर मन कामावर टिकते, अशी त्यांमागची कल्पना आहे. ती अर्धीच खरी आहे. हालचालीचा उपयोग होतो, पण प्रत्येकाला नाही आणि प्रत्येक खेळण्याने नाही.

ग्रीसमधील कोंबोलोई ही मण्यांची माळ आणि चीनमधील तळहातात फिरवायचे बाओडिंग गोळे ही अशा चाळ्याची जुनी उदाहरणे. जपमाळेची गणना मात्र यांत करू नये. तिथे मणी ओढण्याला उपासनेचा आणि मोजणीचा हेतू असतो. आजच्या खेळण्यांचा बाजार अगदी अलीकडचा. २०१६ मध्ये अमेरिकेत फिजेट क्यूबसाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी काढली गेली आणि सुमारे ६४ लाख डॉलर जमले. पुढच्याच वर्षी स्पिनरची जगभर लाट आली. ‘एकाग्रता वाढते’ ही जाहिरात तेव्हा पुराव्याच्या फार पुढे धावत होती, आणि तिची किंमत पुढे खऱ्या गरजू मुलांनी मोजली: अनेक शाळांनी सरसकट बंदी घातली.

चाळ्याने लक्ष का टिकावे? काम नीरस असले की मेंदूची जागरूकता खाली येते आणि मन भरकटते. अतिउत्तेजनेनेही काम बिघडते. यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेला नियम असाच आहे : अवघड काम शिकताना उत्तेजना मध्यम असलेली बरी. हलकी, सवयीची हालचाल ही जागरूकता थोडी वर आणत असावी. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. ऐकताना कागदावरचे आकार पेन्सिलीने भरत बसलेल्यांना नुसत्या ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवला.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता ही अवस्था, असलेल्या मुलांबाबतचा पुरावा अधिक बोलका आहे. अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना ऐकलेले अंक आणि अक्षर डोक्यातच क्रमाने लावायला दिले होते. एडीएचडी असलेली मुले जितकी अधिक हलली तितकी त्यांची कामगिरी चांगली झाली. इतर मुलांचे उलट झाले. मराठी शाळेतल्या ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या आज्ञेकडे या निष्कर्षानंतर पुन्हा पाहायला हवे. अशा मुलाची चुळबुळ हा वात्रटपणा नसून लक्ष धरून ठेवण्याची धडपड असू शकते. निश्चल बसण्यातच त्याची सगळी शक्ती खर्ची पडली, तर गणितासाठी काय उरणार?

यावरून स्पिनरचे समर्थन होत नाही. वरच्या अभ्यासातली हालचाल मुलांची स्वतःची, अंगाची होती. स्पिनरचे फिरणे बघायला डोळे लागतात. व्हिडिओ व्याख्यान बघताना स्पिनर फिरवणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यातले कमी आठवले, आणि एडीएचडी असलेल्या लहान मुलांवर वर्गात केलेल्या पाहणीतही स्पिनरने लक्ष विचलितच झाले. २०१७ मधील एका वैद्यकीय आढाव्याला स्पिनरच्या फायद्याच्या दाव्यांमागे भक्कम आधार सापडला नव्हता.

म्हणून निवड करताना एकच कसोटी पुरते : वस्तू न बघता, आवाज न करता वापरता आली पाहिजे. मऊ चेंडू, मातीचा गोळा किंवा पाय टेकवून ताणण्यासाठी खुर्चीच्या पायांना बांधलेला रबरी पट्टा या कसोटीला उतरतो. टिकटिकणारे बटण शेजारच्याचे लक्ष घालवते. ऐकण्याच्या वेळी चाळा चालतो, लिहिताना हात मोकळा लागतो. मूल खेळण्याशीच खेळू लागले तर ते काढून घ्यावे आणि दुसरी वस्तू देऊन पाहावी. तीन वर्षांखालील मुलांना सुटे होणारे भाग असलेली खेळणी देऊ नयेत. दिव्याच्या स्पिनरमधली बटण-बॅटरी कोणत्याही वयाच्या मुलाने गिळली तर अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.