बोअरचं जड पाणी आणि मुतखडा

पुण्याच्या वाघोली-पिसोळीकडच्या सोसायट्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याने नळावर पांढरा थर बसतो, तसाच खडा मूत्रपिंडात बसतो. तसं होत नाही. नळावरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा; लिंबू चोळलं की फसफसून सुटतो. मुतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे. उलट पाण्यातलं, दुधातलं कॅल्शियम अन्नातून येणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, मग ते लघवीत कमी उतरतं. खड्याला आमंत्रण मिळतं ते कमी पाणी पिण्याने.

पाणी जड आहे, हे मात्र खरं. बसाल्ट खडकातून मुरताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. त्रास होतो गिझरच्या कॉइलला आणि शिजता न शिजणाऱ्या तूरडाळीला. तुरटी फिरवून जडपणा जात नाही. उकळल्यावर थोडा जातो, तो पातेल्याच्या बुडाशी दिसतोच.

आणि तो टीडीएस मीटर! तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, त्याला जंतू दिसत नाहीत. टँकर आला की त्यापेक्षा जंतू मारणारं क्लोरीन बघा: ऑर्थोटोलिडीन या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे.